चोपचिनी आणि चिनी वैद्यकाची मूलतत्त्वे



चीन आणि वैद्यक हे दोन शब्द एकत्र उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पहिली मूर्ती उभी राहते ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. १९३८ साली ते चीनमध्ये गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच त्यांनी देह ठेवला. परंतु कोटणीस शस्त्रवैद्य होते. ते तिकडे घेऊन गेले ती पाश्चात्त्य शस्त्रक्रिया. आज आम्हांला बोलायचे आहे ते तिकडून इकडे आलेल्या एका पाहुणीविषयी. ती आपल्याकडे आली त्याला आता पावणेपाचशेहून अधिक वर्षे झाली, आणि काष्ठौषधीच्या दुकानात ती इतकी रुळली आहे की तिचे माहेर कोणते हे तिच्या नावात स्पष्ट असूनही कोणी विचारीत नाही. तिचे नाव चोपचिनी.

सोळाव्या शतकात फिरंग्यांची गलबते आली आणि त्यांच्याबरोबर एक नवा रोग आला. आपल्या वैद्यांनी त्याचे नाव सरळ 'फिरंग रोग' असेच ठेवले. जुन्या संहितांत त्याचा उल्लेख नाही, तेव्हा औषधाचाही नाही. गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य होता. आपल्या खाडीपलीकडचे मुंबई बेट काही काळ त्याच्याकडेच खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात तो सांगतो की हे चिनी मूळ १५३५ च्या सुमारास तिकडे ठाऊक झाले. त्याच शतकात भावमिश्राने 'भावप्रकाशा'त ते 'द्वीपांतर वचा' म्हणून दाखल करून घेतले. म्हणजे परक्या बेटावरची वेखंड! मौज अशी की तिकडे ली शि-चेन हा चिनी पंडितही याच काळात याच जातीचे मूळ याच रोगावर लिहीत होता. त्याचा महाकोश १५९६ साली छापून निघाला; त्यात १८९२ द्रव्ये आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. भावमिश्राने परक्याचे औषध घेतले, पण परक्याचे शास्त्र घेतले नाही. त्याने त्या मुळाला आपल्या घरचे प्रश्न विचारले: तुझा रस कोणता, वीर्य कोणते? आणि तिक्त, उष्ण असे उत्तर लिहून ठेवले. हे त्याला जमले, कारण चिनी वैद्यही औषधाला जवळजवळ हेच प्रश्न विचारतो.

चिनी औषधिशास्त्राचे पहिले मूलतत्त्व हे की औषधाला प्रकृती असते. थंड, शीतल, उबदार आणि उष्ण अशा चार प्रकृती ते मानतात. ज्वराला शीत, गारठ्याला उष्ण, हा सामान्य नियम. दुसरे तत्त्व चवीचे. आपण षड्रस मानतो, ते पाच मानतात; आपला तुरट त्यांनी आंबटाच्या घरात बसवला आहे. तिखट फाकवते, आंबट आवळते, गोड पोसते आणि जुळवून घेते, कडू उतरवते आणि कोरडे करते, खारट मऊ करते. ही वाक्ये आमच्या आजीला ऐकवली असती, तर यात चिनी काय आहे असे तिने विचारले असते. याशिवाय औषध शरीरात वर चढते की खाली उतरते आणि कोणत्या अवयवाच्या वाटेने जाते, हेही ते पाहतात. आणि या सगळ्यांमागे यिन् व यांग, म्हणजे सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू, यांचा तोल.

आल्याचेच उदाहरण घेऊ. ओले आले आणि सुंठ ही एकाच कंदाची दोन रूपे. पण चिनी वैद्य त्यांना दोन औषधे मानतो. ओले आले गारठा अंगाबाहेर लोटते, सुंठ आतून ऊब देते. पावसात भिजून आलेल्या मुलाला आपण आल्याचा चहा देतो आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात मात्र सुंठ घालतो. तेव्हा हा भेद आपल्या स्वयंपाकघरालाही अपरिचित नाही.

तिसरे तत्त्व आम्हांला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. चिनी वैद्य सहसा एकटे औषध देत नाही. तो एक लहानसे दरबार भरवतो. त्यात राजा, मंत्री, साहाय्यक आणि दूत असतात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चांग चुंग-चिंग या वैद्याचा एक काढा आजही प्रसिद्ध आहे. त्यात दालचिनीच्या कोवळ्या फांद्या राजा. पिओनी या फुलझाडाचे मूळ मंत्री. राजा घाम काढू लागला तर हा त्याला हात आखडता घ्यायला लावतो. आले आणि चिनी बोर हे साहाय्यक. आणि सर्वांची समजूत घालणारा दूत म्हणजे आपले ज्येष्ठमध. सात मापे पाणी आटवून तीन मापे करायचे आणि एक माप प्यायचे. पुढची सूचना ऐका: काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ भाताची पेज प्यावी आणि पांघरूण घेऊन पडावे. कोकणातल्या कोणत्याही घरात तापकऱ्याला हेच सांगतील.

चौथे तत्त्व संस्काराचे. बचनाग आपण शुद्ध केल्यावाचून वापरीत नाही. त्याच्या चिनी भाईबंदांवरही तेथे भिजवणे, उकळणे असे संस्कार होतात. विषाचे औषध करण्याची ही विद्या दोन्हीकडे स्वतंत्रपणे वाढलेली दिसते.

एवढे साम्य पाहून आपल्यापैकी काहींची मान अभिमानाने हलली असेल. पण जरा थांबा. दोन प्राचीन शास्त्रे एकसारखे बोलतात म्हणून ती दोन्ही खरी ठरत नाहीत. जिभेला तिखट आणि कातडीला गारठा हे सगळीकडे सारखेच लागतात, एवढेच त्यावरून सिद्ध होते. शिवाय आज पुस्तकांत जी चिनी मूलतत्त्वे इतकी नीटनेटकी मांडलेली दिसतात, त्यांची मांडणी बरीचशी १९५० नंतरची आहे. १९५६ साली तेथे सरकारने पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालये काढली आणि त्यांच्यासाठी क्रमिक पुस्तके लिहवून घेतली. त्याआधी घराण्या-घराण्यांचे मतभेद पुष्कळ होते, जसे आपल्याकडे वैद्यावैद्यांत असतात.

मग या विद्येत खरे किती? याचे सर्वांत चांगले उत्तर हिवतापाने दिले आहे, आणि खाडीकाठच्या ठाण्याला हिवतापाची ओळख करून द्यायला नको. चौथ्या शतकात को हुंग नावाच्या ग्रंथकाराने आकस्मिक दुखण्यांवरच्या उपायांची एक पोथी लिहिली. तीत थंडीतापावर एक उपाय आहे: चिंग-हाव या वनस्पतीची एक मूठ दोन मापे पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. भिजवावी, पिळावी. उकळावी असे म्हटलेले नाही! १९६९ पासून तू यू-यू ही विदुषी हिवतापावरचे औषध शोधत होती. तिच्या मंडळींनी दोन हजारांहून अधिक जुने योग धुंडाळले, सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० वर अर्क काढून उंदरांवर पाहिले. चिंग-हावचा गुण कधी येई, कधी येत नसे. तेव्हा त्या पोथीतल्या ओळीवरून तिच्या ध्यानात आले की आपण उष्णतेने औषधच मारीत आहोत. कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला आणि १९७१ साली तो अचूक लागू पडला. पुढच्या वर्षी त्यातले शुद्ध द्रव्य, आर्टेमिसिनिन, हाती आले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेचा अर्धाच भाग सांगण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. पोथीत सारे होते, असे आपण म्हणतो. पोथीत होते हे खरेच. पण त्याच पोथ्यांतले दुसरे कितीतरी योग उंदरांपुढे नापास झाले, हेही तितकेच खरे. आणि कधी कधी पोथीचा संबंध येतही नाही. आपल्या नंदुरबारात १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत गेले. मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ साली त्यांनी शी-शू, म्हणजे 'आनंदवृक्ष', या चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर चालणारे द्रव्य वेगळे केले. ते सापडले ते हजारो वनस्पती एकामागून एक तपासण्याच्या खटाटोपातून. पुढे १९७२ साली तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात भरपूर आढळले, आणि मग चोरट्या तोडीने नरक्याची जी दशा झाली ती सर्वांना ठाऊक आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला, तीकडे येतो. ब्रुसेल्समध्ये १९९० नंतरच्या काही वर्षांत, वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यातल्या तरुण बायकांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागली. हा आकडा पुढे शंभरावर गेला, आणि त्यांतल्या कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्यांच्या गोळ्यांत फांग-ची नावाचे चिनी मूळ असावयाचे होते. चीनमध्ये फांग-ची या नावाने निरनिराळ्या वनस्पती चालत. त्यांतल्या एका निरुपद्रवी मुळाच्या जागी अॅरिस्टोलोकिया या कुळातले मूळ गेले. त्यात मूत्रपिंड जाळणारे अम्ल असते. रस, वीर्य, राजा, मंत्री, सगळे तत्त्व बरोबर होते असे क्षणभर धरा. दरबारात राजाच्या वेषात दुसराच कोणी येऊन बसला होता. आणि मूत्रपिंड असे हळूहळू जाते की चार महिन्यांपूर्वीच्या गोळीशी त्याचा संबंध रोग्याच्या मनातही येत नाही. एकट्या वैद्याला न दिसलेले हे विष शंभर रोगी एके ठिकाणी मोजले तेव्हा दिसले.

हे बेल्जममधले झाले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. कोकणात सर्पविषावर म्हणून जी सापसण देतात, ती याच कुळातली. आणि २०२० च्या साथीत आपण सगळ्यांनी गुळवेल उकळली. शहापूर-मुरबाडकडून ती पोत्यांनी येत होती. तिकडच्या कातकऱ्यांना वेल ओळखायला शिकवावे लागत नाही. पण आमच्या एका शेजाऱ्याने संरक्षक भिंतीवरून तोडून आणलेली वेल पुरी इमारत तीन महिने प्यायली. त्यात आम्हीही होतो. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, आणि त्या कुळातली दुसरीच वेल पोटात गेली नसेल कशावरून, असा प्रश्न केला. आम्ही दोन्ही बाजू वाचल्या आणि मग आमच्या लक्षात आले की आम्ही कोणती वेल प्यायलो हे आम्हांला आजही सांगता येणार नाही. ती भिंत आता पाडली आहे.

या व्याख्यानासाठी म्हणून आम्ही दोन दुकानांतून पाच-पाच तोळे चोपचिनी आणली. एक तुकडा जड, गाठाळ, आतून फिकट तांबूस. दुसरा हलका, तंतुमय, लाकडासारखा. चोपचिनीच्या नावावर आपल्या रानातल्या घोटवेलीची मुळे खपतात. घोटवेल तिचीच बहीण, पण बहीण म्हणजे ती नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या एका जाणत्या अध्यापकांना आम्ही दोन्ही दाखवली. त्यांनी वास घेतला, तोडून पाहिली आणि म्हणाले, "पान नाही, फूल नाही, नुसत्या सुक्या मुळावरून मी सही करणार नाही. काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागेल." दोन्ही दुकानदारांनी मात्र एका क्षणात, हसतमुखाने, अस्सल म्हणून सांगितले होते.

ते दोन तुकडे येथे टेबलावर ठेवले आहेत. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचे असतील त्यांनी पुढे यावे. चाखून मात्र पाहू नयेत.