झाकणाखाली कोण उतरणार?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



"विद्यार्थी आणि संशोधन" असा विषय मला दिलेला आहे. विषय मोठा, वेळ थोडा, आणि स्वयंपाकघरातून भाजीचा वासही यायला लागलाय. म्हणून मी एकच हकीकत सांगतो. ती केरळातली आहे, पण ऐकताना तुम्हाला आपल्याच घरातली वाटेल.

२०१५ च्या नोव्हेंबरात कोझिकोड शहरात दोन सफाई कामगार मॅनहोलमध्ये उतरले आणि आत गुदमरले. जवळच असलेला एक रिक्षावाला त्यांना काढायला धावला. तिघेही गेले.

असं का होतं, ते पोरांनो नीट ऐका. गटारात सडलेल्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण तो वाढला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं गॅस गेला! तो पुढे वाकतो आणि तिथेच पडतो. वरचा माणूस त्याला वाचवायला उतरतो, तोही पडतो. म्हणून अशा बातम्यांत अनेकदा एकटा माणूस नसतो. दोन, तीन, कधी एकाच घरातले.

त्या वेळी केरळातच कुट्टिप्पुरमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या काही मुलांनी मिळून यंत्रमानव बनवण्याचा उद्योग चालवला होता. अंगावर चढवला की माणसाची ताकद वाढेल असा यांत्रिक सांगाडा ते करत होते. हुशार पोरं होती. पुढे नोकऱ्या लागल्या, पांगली. पण कोझिकोडची गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. नोकऱ्या सोडून ती परत एकत्र आली, आणि २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं यंत्र कामाला लागलं. नाव ठेवलं 'बँडिकूट'. बँडिकूट म्हणजे आपली घूस हो! उंदरापेक्षा मोठी, बिळात घुसणारी. नाव मला फार आवडलं.

हे यंत्र मॅनहोलच्या तोंडावर उभं राहतं. त्यातून एक भाग खाली सुटतो, पाय फाकवून भिंतींना टेकतो, आणि यांत्रिक हाताने गाळ उपसून बादलीत भरतो. आत कॅमेरे आहेत, विषारी वायू ओळखणारी साधनं आहेत. माणूस वर रस्त्यावर उभा राहून पडद्यावर बघतो नि बटणं दाबतो. आणि तो माणूस कोण? इंजिनिअर नव्हे. जे कामगार आधी गटारात उतरत होते, त्यांनाच शिकवून यंत्रावर उभं केलं. कमी शिकलेल्या माणसालाही चालवता यावं, अशीच त्याची रचना ठेवली. मला विचाराल तर खरी अक्कल इथे आहे. नाहीतर यंत्र आलं आणि आमचा माणूस घरी बसला, असंच व्हायचं!

आता कोणी म्हणेल, झालं, प्रश्न सुटला. नाही सुटला. यंत्राला लाखो रुपये लागतात. अरुंद गल्लीत ते नेणार कसं? आणि सोसायटीच्या सेप्टिक टँकसाठी अजूनही नाक्यावरून माणूसच आणतात. २०१३ च्या कायद्याने हे काम असं करून घेणं गुन्हा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख द्या म्हटलं, २०२३ मध्ये ते ३० लाख केले. पैसे वाढले. उतरणारा मात्र बदलला नाही, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो, हे या सभेला मी काय सांगायचं?

माझे वडील याच कामावर होते. घरी आले की मोरीत अर्धा तास अंग घासायचे, तोवर आम्हाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांचा धंदा 'नोकरी' एवढाच लिहिला. सातवीत विज्ञान प्रदर्शनात मी पुठ्ठ्याचा ज्वालामुखी केला. ज्वालामुखी! आमच्या वस्तीत तो कोणी पाहिला होता? आणि ज्या अडचणीची खडान्खडा माहिती घरात बसलेली होती, ती मी एकदाही विचारली नाही. लाज वाटायची. आज वडील नाहीत.

आजही आईबाप तीच चूक करतात, रागावू नका. दुकानातून तयार प्रोजेक्ट आणतात, पोरगं रात्री थर्माकोलवर नाव चिकटवतं. पैसेही जातात आणि डोकंही चालत नाही.

यंदा वरच्या अभ्यासिकेतल्या नववीच्या दोन मुलींना मी म्हटलं, काही बनवू नका, आधी फक्त विचारून या. वस्तीतले एक निवृत्त काका विहाराच्या पायरीवर बसून दोन तास बोलले. मुलींनी वहीत त्यांच्या चौदा तक्रारी उतरवून घेतल्या. मला वाटलं पहिली गॅसची असेल. नव्हती. पहिली होती झाकणाची. लोखंडी झाकण पहारीने उचलताना बोटं चिरडतात, कंबर जाते, आणि दोघांनी धरलं की एकाचा हात सटकतो. काकांनी स्वतःचा वाकडा अंगठा पुढे केला. पोरींनी त्याचंही चित्र काढलंय.

आता त्यांनी लांब दांड्याचा, चाकावर टेकणारा एक उचलणी-हूक कागदावर काढलाय. काकांनी बघितला आणि म्हणाले, "पोरी, चाक चिखलात रुतंल." म्हणून तो खोडून दुसरा काढलाय. वेल्डिंगवाल्याकडून येत्या रविवारपर्यंत मिळेल. विहारामागच्या चेंबरवर सकाळी आठला उचलून बघायचंय. काका येणार आहेत, मीही येतोय. ज्यांना यायचं त्यांनी यावं, मात्र चेंबरच्या तोंडापासून लांब उभं राहावं. जयभीम!