आधी रायपूर, मग हॉलिवूड

फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. तिथली काही चित्रपटगृहं तेव्हा अभिनेता सिडनी पॉइटिएचे सिनेमे आवर्जून लावतात. १९६७च्या ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मध्ये तो कृष्णवर्णीय डॉक्टर झालाय, गोऱ्या मुलीशी लग्न ठरवून तिच्या आईवडिलांसमोर उभा राहतो.

पण रायपूरच्या पंडरीकरांनो, त्याच्या दोन वर्षं आधीच मनु नायक यांनी ‘कहि देबे संदेस’ या पहिल्या छत्तीसगढी चित्रपटात दलित सतनामी समाजातला तरुण आणि ब्राह्मण मुलीचं प्रेम दाखवलं होतं! विरोध झालाच, व्हायचाच. काही गाणी मात्र खुद्द मोहम्मद रफींच्या आवाजात. असा विषय निघाला की आपल्याला ‘फँड्री’ हा मराठी चित्रपट आठवतो, तो २०१३चा. रायपुरात कुणी अशी चित्रपटमालिका लावलीच, तर पहिला खेळ ‘कहि देबे संदेस’चाच हवा.