एएफपी नॉर्मल आलं, मग लिव्हर ठीक ना?

आज कोडिंगवर बोलणार नाहीये, आज बाबांचे रिपोर्ट. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, साधा बीटेकवाला आहे.

बाबा 61 वर्षांचे, सांगलीला असतात, डायबेटिस जुना. मी पुण्यात. दरवर्षी त्यांचं फुल बॉडी चेकअप मी ऑनलाइन बुक करतो, पीडीएफ येते, ती ड्राइव्हवर टाकतो. शुगर बघायची आणि बाकीचं स्क्रोल. यावर्षी पॅकेजमध्ये ‘लिव्हर कॅन्सर मार्कर’ म्हणून एएफपी होतं. ते आलं 4, म्हणजे नॉर्मल. मी लगेच फोन केला, “बाबा, कॅन्सर-बिन्सर काही नाही, टेन्शन घेऊ नका.” बाबा म्हणाले, “अरे, मी कुठे घेतलं होतं टेन्शन?”

आठवड्याने आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट पाहिला. एएफपीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, बोट ठेवलं प्लेटलेटवर. 1.38 लाख. मग फायब्रोस्कॅन, मग निदान: सिरॉसिस. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. डायबेटिस, पोट आणि फॅटी लिव्हर, एवढंच. आणि सिरॉसिस झालं की लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वर्षाला शंभरात साधारण एक-दोन.

मग मी वाचत बसलो. एएफपी म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन. बाळ पोटात असताना त्याचं लिव्हर हे प्रोटीन भरपूर बनवतं, जन्मानंतर ते जवळजवळ बंद होतं. कॅन्सरच्या पेशी ते पुन्हा सुरू करू शकतात. 1960च्या दशकात सोव्हिएत रशियात हे लक्षात आलं, तेव्हापासून ही टेस्ट आहे. पण गाठ लहान असताना कितीतरी जणांचं एएफपी वाढतच नाही. उलट हिपॅटायटिसमध्ये, गरोदरपणात कॅन्सर नसताना वाढतं. दुसरा मार्कर पिव्हका-टू. तो वॉरफेरिन घेणाऱ्यांमध्ये उगाच वाढलेला दिसतो. वय, लिंग, एएफपी, त्याचाच एल-थ्री हा प्रकार आणि पिव्हका एकत्र करून ‘गॅलॅड’ नावाचा स्कोअर काढतात. एकट्या एएफपीपेक्षा तो बरा.

मग सगळ्याच डायबेटिसवाल्यांची ही टेस्ट का करू नये? डायबेटिसमुळे धोका दुप्पट-तिप्पट होतो हे खरं. पण कशाच्या दुप्पट? मूळ आकडा फार छोटा आहे. समजा, हं, हे आकडे मी धरलेत: 10,000 डायबेटिसवाले, त्यात 5 जणांना कॅन्सर. टेस्ट शंभरातले 60 पकडते आणि शंभरातल्या 10 निरोग्यांना खोटा अलार्म देते. म्हणजे 3 जण सापडले, 2 जण माझ्यासारखे “टेन्शन नको” म्हणत घरी गेले आणि हजारेक लोक विनाकारण एमआरआयच्या रांगेत. प्रॉडक्शनमध्ये असा अलर्ट कुणी लावला तर आपण तो दुसऱ्या दिवशी म्यूट करू!

म्हणून आधी सिरॉसिसकडे चाललंय कोण, ते शोधायचं. त्यासाठी फिब-फोर आहे: वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. प्लेटलेट हजारात घ्या हं, 1.38 लाख म्हणजे 138. मी पहिल्यांदा तिथेच चुकलो. 1.3च्या खाली असेल तर धोका कमी, 2.67च्या वर असेल तर जास्त. पासष्टी ओलांडलेल्यांना खालची रेषा 2 धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा आकडा फारसा भरवशाचा नाही.

बाबांचे आकडे: एसजीओटी 52, एसजीपीटी 44. उत्तर आलं 3.47.

मग मी ड्राइव्ह उघडला. चार वर्षांपूर्वीची पीडीएफ. वय 57, एसजीओटी 38, एसजीपीटी 42, प्लेटलेट 2.10 लाख. एकही आकडा लाल नाही, सगळं रेंजमध्ये. फिब-फोर 1.59. म्हणजे तेव्हाच फायब्रोस्कॅन करून बघण्यासारखं होतं. सिरॉसिस तेव्हा होतंच असं नाही, 1.59 म्हणजे फक्त ‘पुढे तपासा’. पण ती फाइल माझ्याकडे चार वर्षं पडून होती. दिवसभर दुसऱ्यांचे लॉग वाचायचा पगार घेतो मी.

आता बाबांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी. होय, तीच टेस्ट. सिरॉसिसवाल्यांमध्ये ती सोनोग्राफीच्या जोडीला कामाची, कारण एकट्या सोनोग्राफीतून बऱ्याच लहान गाठी निसटतात, पोट मोठं असेल तर जास्तच. आता मी एक आकडा बघत नाही, शीटमध्ये ओळीने मांडतो. 4 वरून 9, 9 वरून 15 असं चढायला लागलं, तर 20ची वाट न बघता डॉक्टरांना विचारायचं. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर जाळता येते, कापता येते, कधी लिव्हर बदलता येतं. बरं होण्याची संधी असते.

पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली. पुढची दिवाळीनंतर. बाबांनी तारीख कॅलेंडरवर लिहिली, खाली स्वतःच मागच्या वेळचं एएफपी लिहिलं आणि मला फोटो पाठवला, “शीटमध्ये टाक.”

चला, पुढच्या भागात भेटू.