खिडकीपलीकडचा विद्यार्थी

तमिळ भाषेत एक साधा प्रश्न आहे, 'साप्पिट्टिया?' म्हणजे 'जेवलास का?' चेन्नईत तो घरोघरी कानांवर पडतो, आणि पुष्कळदा तो केवळ कुशल विचारण्यापुरताच असतो. एका मुलाच्या बाबतीत मात्र तो फार मोलाचा ठरला. ती हकीगत प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी चेन्नईतील एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयाचा कारभार माझ्याकडे होता. मराठवाड्यातून आलेला एक विद्यार्थी सत्राच्या ऐन मध्यावर वसतिगृहाची अनामत परत मागू लागला. अर्ज अपुरा म्हणून लेखनिकाने तो दोनदा परत केला. तिसऱ्या खेपेस तो माझ्यापुढे आला आणि मी सही केली. सत्र चालू असता हा मुलगा अनामत का मागतो, हा प्रश्न आम्हां दोघांपैकी एकालाही सुचला नाही. तो सुचला भोजनगृहातील वाढप्याला. या मुलाचे ताट दोन दिवस जसेच्या तसे परत जात होते. त्याने शेजारी बसून विचारले, 'साप्पिट्टिया?' मुलाला तमिळ येत नव्हते, पण प्रश्न कळला, आणि तो रडू लागला. वाढप्याने त्याला एकटे सोडले नाही. गृहपालांना बोलावून आणले. पुढे उपचार झाले. मुलगा एक वर्ष मागे पडला, पण पदवी घेऊन गेला. माझी सही त्या अर्जावर अजून आहे.

सेवकवर्गाने विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याकडे लक्ष द्यावे असे म्हटले, की 'आम्ही काय डॉक्टर आहोत?' असा सवाल येतो. तो अगदीच गैर नाही. परंतु रोगनिदान त्यांच्याकडून कोणी मागत नाही. वागण्यातला फरक टिपावा, आडवळणे न घेता विचारावे, आणि मुलाला योग्य हाती सोपवावे, एवढेच मागणे आहे. जीव देण्याचा विचार मनात येतो काय, असे स्पष्ट विचारल्यास नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती सार्वत्रिक आहे. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. उलट, कोणीतरी विचारले याचाच मुलाला दिलासा वाटतो. मात्र 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन देऊ नये. जिवाचा प्रश्न असेल तेथे ते पाळता येत नाही.

याच शहरात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली 'स्नेहा' ही आत्महत्या-प्रतिबंधक संस्था स्थापन केली. तेथे दुःखिताचे म्हणणे ऐकून घेणारे बहुतेक लोक प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. याच संस्थेने शालान्त परीक्षांत नापास होणाऱ्या मुलांचा प्रश्न लावून धरला. या शतकाच्या पहिल्या दशकात तमिळनाडूत पुरवणी परीक्षा लवकर घेण्याची सोय झाली, आणि वर्ष वाया जाण्याचे भय कमी झाले. मला, एका सरकारी नोकराला, हे उदाहरण विशेष प्रिय आहे. समुपदेशकाच्या खोलीइतकेच मोल कधीकधी वेळापत्रकातील एका दुरुस्तीला असते. फी भरण्याची मुदत, उपस्थितीची अट, निकाल फलकावर लावण्याची रीत ही सारी आमच्या टेबलावरची कामे आहेत. त्यांतील कोणती मुलाच्या छातीवर दगड होऊन बसते, हे एकदा तपासून पाहण्यास फारसा खर्च येत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक समुपदेशक असावा, आणि अध्यापकांबरोबर शिक्षकेतर सेवकांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे त्यांत आहे. 'शिक्षकेतर' हा शब्द वाचून मला समाधान वाटले. पण लगेच एक शंकाही आली. प्रशिक्षणाची यादी आस्थापना शाखा हजेरीपटावरून तयार करते. आमचा तो वाढपी ठेकेदाराचा माणूस होता. आमच्या हजेरीपटावर त्याचे नाव कधीच नव्हते.