सचित्र पोस्टकार्डे आणि त्यांमागील माणसे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी मला एखाद्या छंदाविषयी चार शब्द सांगावयाची आज्ञा केली आहे. छंद म्हटला म्हणजे संसारी माणसाच्या कपाळाला आठी पडते, हे मी जाणून आहे. तरीही जुनी सचित्र पोस्टकार्डे जमविण्याचा माझा उद्योग आपणापुढे मांडण्याचे धाडस करतो. कारण या उद्योगाचा कच्चा माल कोठल्या दुकानात नव्हे, तर आपल्याच माळ्यांवरच्या ट्रंकांत पडून आहे.

साधे पोस्टकार्ड प्रथम निघाले ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ ला आले आणि त्याची किंमत होती पाव आणा. पाव आण्यात मुंबईची खुशाली कोकणात पोचू लागली, ही त्या काळी केवढी सोय वाटली असेल! चित्राचे कार्ड त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे रूढ झाले. कार्डाच्या एका बाजूस केवळ पत्ताच लिहावा, असा प्रारंभी नियम होता. त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेने, आकाशात, समुद्रात, जेथे मोकळी जागा सापडेल तेथे लिहावा लागे. ब्रिटनने १९०२ साली पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करण्यास मुभा दिली व इतर देशांनीही मागाहून ती रीत उचलली. कार्डाच्या मागे उभी रेघ आहे की नाही, हे जाणता संग्राहक प्रथम पाहतो तो याच कारणासाठी.

कार्डाचे वय ठरविणे हा या छंदातील मोठ्या गमतीचा भाग आहे. पुष्कळ कार्डांवर तारीख नसते, शिक्का पुसट असतो, आणि तिकीट तर कोणा तिकिटे जमविणाऱ्या चिरंजीवांनी केव्हाच काढून नेलेले असते. अशा वेळी चित्रालाच प्रश्न विचारावे लागतात. अपोलो बंदराच्या कार्डात ताजमहाल हॉटेल उभे आहे, परंतु समोर गेटवेची कमान नाही. तर ते चित्र १९०३ नंतरचे आणि १९२४ पूर्वीचे. रस्त्यावर ट्राम दिसते, तिला घोडे जुंपलेले आहेत. तर ते १८७४ ते १९०५ या काळातील. विजेची ट्राम असेल तर १९०७ च्या अलीकडचे. मात्र चित्र एका सालचे आणि कार्ड दहा वर्षांनी विकलेले, असेही घडते. म्हणून तिकिटावर सातवा एडवर्ड आहे की पाचवा जॉर्ज, हे तिकीट शिल्लक असल्यास अवश्य पाहावे. एक साधे भिंग जवळ ठेवावे. भिंगाखाली सारख्या ओळींत मांडलेले ठिपके दिसले तर ते छापखान्याचे ब्लॉक होत. ठिपकेच नसतील तर तो खरा फोटो, आणि अशी प्रत बहुधा थोडक्यांपैकीच असते.

आता कार्डे छापणाऱ्यांविषयी. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्या हाती आला. त्या कारखान्याची देवादिकांची चित्रे आपल्या देवघरांत आहेतच, पण त्याची पोस्टकार्डेही होती. याच काळात, १९०३ च्या सुमारास, जे. जे. कलाशाळेतील आपले महादेव विश्वनाथ धुरंधर यांची मुंबईच्या माणसांची चित्रे कार्डांवर झळकू लागली. धुरंधरांचा जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. रस्त्यावरची माणसे त्यांनी अशा सहजतेने टिपली आहेत, की त्यांच्या उभे राहण्यावरूनच त्यांचा स्वभाव कळावा.

येथे थोडे कडू बोलणे प्राप्त आहे. त्या काळच्या पुष्कळ कार्डांवर आपले लोक 'नमुने' म्हणून छापलेले आहेत. चित्राखाली नाव नाही, गाव नाही. केवळ जात किंवा धंदा : ब्राह्मण, भंडारी, कोळीण, न्हावी. साहेबाने ती विलायतेस आपल्या आप्तांकडे धाडावी, अमुक प्राणी येथे आढळतो अशा थाटात! ज्ञातीच्या संमेलनात उभा राहून मी हे मुद्दाम बोलतो आहे. आपणही आपल्या पूर्वजांना ज्ञातीच्या नावाने स्मरतो. परंतु त्या चौकटीतल्या बाईला एक नाव होते, आणि ते विचारावयाचे छायाचित्रकाराला सुचले नाही. धुरंधरांच्या कार्डांचे मथळेही गिऱ्हाइकाच्या दृष्टीनेच दिलेले आहेत, असे माझे मत आहे. परंतु चित्रातली दृष्टी मथळ्याहून निराळी आणि अधिक मायेची आहे.

पहिल्या महायुद्धातील कार्डांचा प्रकार याहूनही विचार करावयास लावणारा. १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या आरंभापर्यंत ब्रायटन येथील राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचे इस्पितळ होते. झुंबरांखाली ओळीने मांडलेल्या खाटा आणि त्यांवर फेटे बांधलेले जवान, अशी कार्डे तेथे विकली जात. त्या चित्रांतून सरकारची कदर दिसावी, हा हेतू उघड आहे. शिपायांची स्वतःची पत्रे मात्र तपासनीस वाचून मगच पुढे धाडीत. म्हणजे चित्राने जे सांगितले ते सर्व जगाने पाहिले, आणि शिपायास जे सांगावयाचे होते ते परक्याच्या नजरेखालून गेले. आपल्यापैकी ज्यांचे आजे-पणजे मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेले होते, त्यांनी घरातील कागद या दृष्टीने एकवार चाळावेत.

जुन्या ट्रंकांत सुखाच्या वार्ता भरपूर सापडतात आणि दुःखाच्या जवळजवळ नाहीत, याचेही कारण आहे. मृत्यूची वार्ता कोपरा फाडलेल्या साध्या कार्डावर येई आणि वाचून होताच ते फाडून टाकण्याची आपली चाल होती. ते घरात ठेवीत नसत. उरली ती हळदीकुंकू लागलेली कार्डे, बारशाची, मुंजीची, 'सुखरूप पोचलो' एवढेच सांगणारी. म्हणून ट्रंकेतला इतिहास काहीसा हसरा असतो, आणि तो वाचताना गाळलेल्या जागा मनाने भराव्या लागतात. माझ्या संग्रही एडनचे एक कार्ड आहे. पुढे बंदर आणि उंट, मागे मोडीत चार ओळी. बोट लागली, परंतु आता बरे आहे. आईस पायाची औषधे वेळेवर द्यावी. मुलास शाळेत घातले किंवा कसे ते कळवावे. उंटाविषयी एक अक्षर नाही!

मोडीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९५० च्या सुमारास ती शाळांतून गेली, आणि आज नातवाला आजोबांचे अक्षर परक्या देशाचे वाटते. न वाचता येणारा कागद निरुपयोगी ठरतो, आणि घर पुनर्बांधणीस निघाले की प्रथम रद्दीत जातो. रद्दीवाल्याकडून तो व्यापाऱ्याकडे येतो. व्यापारी चित्राचे पैसे घेतो, मजकुराचे नाही. छापणाऱ्यांचे दप्तर तरी कोठे राहिले आहे? लंडनच्या राफाएल टक कंपनीचा संग्रह २९ डिसेंबर १९४० च्या बाँबवर्षावात जळाला. मळवलीच्या कारखान्यास १९७२ साली आग लागली. तेव्हा काय छापले गेले, कोणी कोणास धाडले, याचा पुरावा आता घरोघरच्या डब्यांतच आहे.

जतन करण्याविषयी थोडेच सांगतो. कार्डे वहीत डकवू नयेत, चिकटपट्टी लावू नये, कागदावर शाईने लिहू नये. स्वस्त प्लास्टिकच्या पिशव्यांनी कालांतराने शाई आणि चित्र दोन्ही बिघडतात; आम्लविरहित कागदाची पाकिटे बरी. कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत, आणि सोबत कार्ड कोणाचे, कोणाला, नाते काय, हे वेगळ्या चिठ्ठीवर टिपून ठेवावे. हे शेवटचे काम मात्र आज सायंकाळीच करावे. कार्ड आणखी पन्नास वर्षे टिकेल. 'ही आमची थोरली आत्या' असे सांगणाऱ्या आजीचा भरवसा कोणी द्यावा?

सभागृहाबाहेरच्या टेबलावर मी साठ कार्डे मांडली आहेत. त्यांतील अकरांच्या मागे मोडी मजकूर आहे आणि तीन मला अद्याप लागलेली नाहीत. फलाहाराच्या वेळी आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी कृपा करून ती तीन कार्डे पाहावीत. शेजारी भिंग आणि पेन्सिल ठेवलेली आहे.