मोबाईलवरून शेताची मोजणी : खर्च किती, भरवसा किती?

(बदलापूर परिसरातील भात उत्पादक शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



खरीप आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. मोबाईलवर शेत मोजले तर चालेल का? बांधावरून एक फेरी मारली की पडद्यावर गुंठे दिसतात. मोजणीची फी भरावी लागत नाही, म्हणून हे काम फुकटात झाले असे वाटते. ते खरोखर फुकट आहे का, हे आज पाहू.

उपग्रहाचे पैसे पडत नाहीत

अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवितात. भारताची स्वतःची 'नाविक' यंत्रणाही आहे. मोबाईल हे संदेश रेडिओप्रमाणे फक्त ऐकतो आणि किमान चार उपग्रह मिळाले की आपली जागा काढतो. यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. नेटवर्क नसले तरी जागा सापडते, मात्र सुरुवातीला वेळ जास्त लागतो.

पैसे पडतात ते नकाशाचे. नकाशा इंटरनेटवरून येतो व डेटा संपतो. म्हणून नेटवर्क चांगले असेल तेथे तो आधीच उतरवून ठेवावा. दुसरा खर्च बॅटरीचा. पडदा व जीपीएस सतत चालू राहिल्यास बॅटरी लवकर उतरते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तिच्यासाठी शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो. फोटो घेण्याआधीच फोन बंद पडला, तर पुन्हा फेरी व अर्ध्या दिवसाचा खाडा होतो.

खरा खर्च चुकीचा

मोकळ्या आकाशाखालीही साध्या मोबाईलने दाखविलेली जागा खऱ्या जागेपासून ५ मीटर, म्हणजे सुमारे १६ फूट इकडेतिकडे असू शकते. जांभूळ-आंब्याच्या दाट झाडीखाली किंवा डोंगराच्या कुशीत हा फरक वाढतो. रस्ता शोधताना तो जाणवत नाही. खाचर मोजताना मात्र जाणवतो.

उदाहरण घेऊ. १० गुंठ्यांचे चौकोनी खाचर साधारण ३२ मीटर लांब व ३२ मीटर रुंद असते. मोबाईलने दोन्ही बाजू २ मीटर जास्त धरल्या, तर क्षेत्र १,०२४ ऐवजी १,१५६ चौरस मीटर येते. म्हणजे सव्वा गुंठ्याहून अधिक, शेकडा १३ ची वाढ. एक हेक्टरच्या चौकोनी शेतात हीच चूक शेकडा ४ एवढीच असते. शेत जितके लहान, तितकी चूक मोठी. आपली खाचरे लहान आहेत, हे विसरू नये.

भाताला हेक्टरी १०० किलो नत्र द्यावयाचे म्हटले, तर गुंठ्याला सुमारे २.२ किलो युरिया लागतो. वरील चुकीमुळे एका खाचरात जवळजवळ ३ किलो युरिया जादा पडेल. पैसे तर जातातच, शिवाय भात माजते, लोळते व करप्याला बळी पडते.

याहून मोठे नुकसान बांधाचे आहे. बदलापूरभोवती शेतजमिनीचे प्लॉट पडत आहेत, गुंठ्यागुंठ्याला मोल आले आहे. मोबाईलवरील आकडा दाखवून भाऊबंदांशी वाद घालू नये. अशा मोजणीला कायदेशीर आधार नाही. पुढे कोर्टकचेरीत जाणारा पैसा वाचलेल्या फीच्या कितीतरी पट असतो.

काय करावे?

१) खत व बियाण्यासाठी क्षेत्र काढताना ३३ फुटांची दोरी वापरावी. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा.

२) मोबाईल वापरावयाचाच असेल, तर मोकळ्या जागी काही मिनिटे थांबून मग फेरी सुरू करावी. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या मारून सरासरी काढावी व सातबाऱ्यावरील क्षेत्राशी पडताळावी.

३) ई-पीक पाहणीस निघताना बॅटरी पूर्ण भरावी. पडद्याचा उजेड कमी ठेवावा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

४) हद्द ठरविणे, वाटणी वा विक्री यांसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. त्यांचे रोव्हर यंत्रही उपग्रहावरच चालते, परंतु ते जमिनीवरील स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेते. त्यामुळे फरक काही सेंटिमीटरवर येतो.

बंधू-भगिनींनो, शेत कोठे आहे हे सांगण्यास मोबाईल उत्तम आहे. बांध कोठे आहे, हे त्याला विचारू नका.