राखणदार किती राखेल?

मंडळी, आज आपण एका राखणदाराविषयी बोलणार आहोत. हा राखणदार डोळ्यांना दिसत नाही. तो कॉम्प्युटरमध्ये असतो, मोबाईलमध्येही असतो. त्याला अँटीव्हायरस म्हणतात.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही धान लावणारी माणसे. आम्हाला काय करायचे त्याचे?" पण जरा विचार करा. तुम्ही खरेदी केंद्रावर धान देता. त्याची नोंद कॉम्प्युटरवर होते. चुकारा बँकेच्या खात्यात जमा होतो. जमा झाला की खिशातला मोबाईल वाजतो. पूर्वी वर्षाची मेहनत ढोलीत दिसायची. आता ती खात्यात असते, आणि त्या खात्याची किल्ली मोबाईलमध्ये असते. ढोलीला उंदीर लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोबाईललाही लागतात.

व्हायरस म्हणजे काय, ते आधी पाहू. कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते. कोणीतरी लिहिलेल्या आज्ञा तो पाळतो. आज्ञांच्या अशा संचाला प्रोग्राम म्हणतात. मोबाईलमध्ये त्यालाच अ‍ॅप म्हणतात. आता वाईट माणूसही आज्ञा लिहू शकतो. "याचे मेसेज मला पाठव," ही एक आज्ञा. "याच्या कागदांना कुलूप लाव," ही दुसरी. अशा वाईट प्रोग्रामला लोक व्हायरस म्हणतात. तो तापाच्या साथीसारखा हवेतून येत नाही. माणूसच तो लिहितो, आणि पैशासाठी लिहितो.

त्याला पकडणारे प्रोग्राम आपल्या महाराष्ट्रातही तयार होतात. कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्याला ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले होते. त्यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला. 1990 च्या दशकातली ही गोष्ट. त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. आम्हीही मॅट्रिकच. म्हणून हे सांगताना आम्हाला थोडा अभिमान वाटतो, तेवढा तुम्ही समजून घ्या.

हा राखणदार काम कसे करतो? पोलीस ठाण्यात सराईत चोरांचे फोटो असतात. तशी त्याच्याजवळ ओळखीच्या व्हायरसांची यादी असते. येणारी प्रत्येक फाईल तो त्या यादीशी ताडून पाहतो. चेहरा जुळला की धरतो. चाल संशयाची वाटली, तरी हटकतो. पण आज पहिल्यांदाच चोरीला निघालेल्या माणसाचा फोटो ठाण्यात कुठून असणार? नवे व्हायरस रोज निघतात. म्हणून यादीही रोज नवी लागते. ती इंटरनेटवरून येते. यादी आणणे बंद केले, की राखणदार दारात बसलेला दिसतो, पण त्याला कोणी ओळखू येत नाही.

2017 सालचे उदाहरण घ्या. मे महिन्याच्या 12 तारखेला वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुटला. तो दीडशेवर देशांत पसरला. कॉम्प्युटरमधल्या कागदांना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. इंग्लंडमध्ये दवाखान्यांची कामे अडली, रोगी परत पाठवावे लागले. आता यातली खरी गोम ऐका. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्चमध्येच दिली होती. फुकट दिली होती. दोन महिने होते. ज्यांनी ती बसवली, त्यांच्याकडे त्याला त्या भगदाडातून शिरता आले नाही. तलावाच्या पाळीला पडलेले बीळ उन्हाळ्यात बुजवायचे असते. श्रावणात धावपळ करून काय होणार? तुमचा मोबाईल "अपडेट करा" म्हणतो ना, ते हेच काम. मंडळी त्याला कटकट म्हणून पुढे ढकलतात.

आता आपल्या गावातली गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका येते. कधी पीएम किसानच्या हप्त्याचे नाव असते, कधी गाडीच्या दंडाचे. पाठवणारा ओळखीचाही असू शकतो, कारण त्याचाच मोबाईल आधी चोराच्या हाती गेलेला असतो. फाईलच्या नावाच्या शेवटी ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ती अक्षरे आज फळ्यावर लिहिली आहेत, नीट पाहून ठेवा. पत्रिका म्हणजे चित्र असते किंवा कागद असतो. ही तीन अक्षरे असली, तर ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप आहे.

दाबले की मोबाईल आधी विचारतो, "हे बाहेरचे अ‍ॅप आहे, घेऊ का?" माणूस घाईत होय म्हणतो. मग अ‍ॅप विचारते, "तुमचे मेसेज वाचू का?" पुन्हा होय. झाले! बँकेचा ओटीपी मेसेजमध्ये येतो. तो चोराकडे परस्पर जातो, आणि चुकारा रात्रीतून साफ होतो. इथे अँटीव्हायरस काय करील? फाईल त्याच्या यादीत असली तर ओरडेल. नसली तर गप्प बसेल, कारण मालकानेच पाहुणा म्हणून आत घेतले आहे. आणि कोणी फोनवर "बँकेतून बोलतो" म्हणून ओटीपी विचारला व आपण सांगितला, तर त्यात व्हायरसच नाही. राखणदाराने धरावे कोणाला?

मोठ्यांनाही हे चुकले नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत असाच प्रोग्राम घुसवला गेला. 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. एकूण 94 कोटी रुपयांवर रक्कम गेली.

पैसे गेल्यावर भरपाई कोण देणार, हे लोक फार विचारतात. रिझर्व्ह बँकेने 2017 साली यावर नियम काढला. चूक बँकेची असेल, तर भार बँकेवर. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही त्याच्यावर भार नाही. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. अँटीव्हायरस विकत घेतला होता, ही सबब तिथे चालत नाही. आम्हाला हा नियम थोडा कडक वाटतो. कालपरवा अक्षरे शिकलेल्या माणसाला बँकेने आधी नीट समजावून सांगायला नको का? पण नियम तसा होता, हे तुम्हाला कळले पाहिजे.

म्हणून वेळ घालवू नका. पैसे गेल्याचे दिसताच आधी मोबाईलचे इंटरनेट बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून 1930 हा नंबर लावा. तो सरकारचा आहे. लगेच कळवले, तर पुढच्या खात्यात गेलेला पैसा थांबवता येतो. मग बँकेत जा, ठाण्यात जा. लाज वाटून घरी बसू नका. बायाबापड्यांनीही बसू नये. सासरे रागावतील म्हणून एक दिवस गेला, की पैसा चार खाती पुढे गेलेला असतो.

आता ज्यांनी मोबाईल आणले आहेत, त्यांनी पुढे यावे. बाहेरचे अ‍ॅप घेण्याची परवानगी कुठे बंद करायची, ते एकेकाला दाखवू. कोणते अ‍ॅप तुमचे मेसेज वाचते, तेही पाहू.